आकारमान पुरेसे, कार्यक्षमता अपुरी : रावेर तालुक्यातील एका रुग्णाच्या यकृताचा प्रकरण अभ्यास

रुग्ण ५६ वर्षांचे, रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी. गळ्यात तुळशीची माळ, दारूला जन्मात स्पर्श नाही, बारा वर्षांपासून मधुमेह, उंची १६७ सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. दोन महिन्यांपासून उजव्या बरगडीखाली जडपणा जाणवत असल्याचे मुलाने सांगितले; रुग्णाचे स्वतःचे म्हणणे एका वाक्याचे होते, "मले तं काहीच तरास नाही डाक्टर, हा पोऱ्याच ऐकत नाही." पोट तपासताना यकृताची कडा बरगडीखाली दोन बोटे लागत होती, पायांवर सूज नव्हती, कावीळ नव्हती, पोटात पाणी नव्हते.

रक्ताच्या अहवालात बिलिरुबिन ०.९, अल्ब्युमिन ३.८, आयएनआर १.१, एएसटी ५४, एएलटी ४९ आणि प्लेटलेट १ लाख ४८ हजार होत्या. यातील पहिले तीन आकडे यकृताच्या कामाबद्दल काही सांगतात, कारण बिलिरुबिन बाहेर टाकणे, अल्ब्युमिन तयार करणे आणि रक्त गोठवणारे घटक बनवणे ही यकृताची प्रत्यक्ष कामे आहेत. एएसटी आणि एएलटी ही विकरे केवळ पेशींना इजा झाल्यावर रक्तात सांडतात; तरीही त्या सर्वांना मिळून आपण 'लिव्हर फंक्शन टेस्ट' म्हणतो आणि 'एलएफटी नॉर्मल' या दोन शब्दांवर रुग्णाला निश्चिंत मनाने घरी पाठवतो. यकृताचा आजार किती बळावला आहे हे ५ ते १५ गुणांत सांगणारा चाइल्ड-प्यू गुणांक या रुग्णात ५ होता, म्हणजे शक्य तितका चांगला. पुढे जे घडले ते या ५ गुणांच्या आड दडलेले होते.

सोनोग्राफीत यकृत चकचकीत पांढरे दिसले, पोत खरबरीत होता आणि उजव्या खंडात खोलवर ५.४ सेंटिमीटरची गोल गाठ होती. अहवालाची पहिली ओळ मात्र 'फॅटी लिव्हर, ग्रेड २' अशी होती, आणि मुलाच्या मनात तीच ठसली. हा ग्रेड सोनोग्राफी करणाऱ्याच्या डोळ्यांनी ठरतो: यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा किती पांढरे दिसते, त्यातील रक्तवाहिन्यांच्या भिंती दिसतात की नाही, मागचा श्वासपटल धूसर होतो की नाही. त्यात चरबीचा अंदाज येतो, तोही साधारण २० ते ३० टक्के पेशींमध्ये चरबी साठल्यानंतरच. आणि यकृतात तंतुमय व्रण किती झाले आहेत याबद्दल हा ग्रेड काहीही सांगत नाही. उलट व्रण वाढत जातात तशी चरबी कमी होऊ शकते, त्यामुळे ग्रेड २ चा ग्रेड १ झाला म्हणून पेढे वाटण्याचे कारण नसते.

इथे एक कबुली देणे भाग आहे. तीन वर्षांपूर्वीचा एक अहवाल याच रुग्णाच्या फायलीत होता: वय ५३, एएसटी ४१, एएलटी ३६, प्लेटलेट १ लाख ७१ हजार, सोनोग्राफी 'फॅटी लिव्हर, ग्रेड १'. तो अहवाल माझ्याच टेबलावरून गेला होता, आणि त्यावर माझ्याच अक्षरात 'वजन कमी करा, तेलकट टाळा' असे लिहिलेले आहे. यकृतातील व्रणांचा अंदाज देणारे फिब-४ हे सूत्र २००६ पासून उपलब्ध आहे. वयाला एएसटीने गुणावे. प्लेटलेटच्या हजारांतील आकड्याला एएलटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्याला दुसऱ्याने भागावे. तीन वर्षांपूर्वीचे उत्तर २.१२ येत होते. १.३ च्या खाली काळजी कमी, २.६७ च्या वर गंभीर व्रणांची शक्यता जास्त, आणि मधल्या पट्ट्यातल्या रुग्णाची इलॅस्टोग्राफी, म्हणजे यकृताचे काठिण्य मोजणारी तपासणी, करून घ्यावी, असा संकेत आहे. आकडे कागदावर होते, गुणाकार-भागाकार कोणी केला नव्हता. आता तेच उत्तर २.९२ आले. भरीत-पुरीवरून आणि शेवभाजीच्या तर्रीवरून रुग्णाला दोन शब्द सुनावणे सोपे असते. त्याच्या कागदावरचे चार आकडे कॅल्क्युलेटरवर टाकायला तेवढाच वेळ लागतो, हे मला त्या दिवशी फार उशिरा सुचले.

गाठीचे निदान

तीन टप्प्यांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ धमनीच्या टप्प्यात उजळली आणि नंतरच्या टप्प्यांत आसपासच्या यकृतापेक्षा गडद झाली. ज्या यकृतात सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कडक आणि गाठाळ होण्याची शेवटची अवस्था, आहे किंवा तसा दाट संशय आहे, त्यात दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठीचे असे वर्तन यकृतपेशींच्या कर्करोगाचे निदान करायला पुरेसे मानले जाते. शरीरातल्या फार थोड्या कर्करोगांचे निदान केवळ प्रतिमेवर पक्के होते, आणि हा त्यांतला एक आहे. यकृतपेशींचा कर्करोग जवळजवळ पूर्णपणे धमनीच्या रक्तावर पोसला जातो, तर निरोगी यकृताला बहुतांश रक्त प्रतिहारी शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते. दोन रंगछटांच्या या खेळामागे एवढेच कारण आहे. या कर्करोगात रक्तात वाढू शकणारे अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन ८६ होते. गाठ एकच होती, मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेली नव्हती, छातीच्या स्कॅनमध्ये काही नव्हते.

सीटीतला यकृताचा बाकीचा भाग मात्र गप्प होता. कडा किंचित खडबडीत, प्लीहा १२.६ सेंटिमीटर, पोर्टल शीर १२ मिलिमीटर, डॉप्लरवर तिचा प्रवाह यकृताच्या दिशेने आणि वेग सेकंदाला १७ सेंटिमीटर. सगळेच काठावरचे. गाठीच्या आसपासचे यकृत कोणत्या अवस्थेत आहे हा प्रश्न उरला, आणि गाठ काढता येईल की नाही हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते. पूर्वी अशा वेळी सुई घालून तुकडा काढला जाई. तो तुकडा संपूर्ण यकृताच्या सुमारे पन्नास हजारांशाएवढा असतो आणि व्रण यकृतभर सारखे पसरलेले नसतात, त्यामुळे सुई जिथे लागली तिथले सत्य बाकीच्या यकृताला लागू पडेलच असे नाही. रक्तस्रावाचा धोका वेगळाच.

इलॅस्टोग्राफी : एकाच आठवड्यातील दोन आकडे

फायब्रोस्कॅन या नावाने ओळखली जाणारी इलॅस्टोग्राफी फ्रान्समधून २००३ च्या सुमारास बाजारात आली. रुग्णाला उताणे झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगतात, बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवतात आणि बटण दाबले की त्याचे टोक कातडीवर हलका ठोका देते. ५० हर्ट्झचा तो ठोका यकृतात आडवी लहर निर्माण करतो, आणि तोच प्रोब अल्ट्रासाउंडने तिचा पाठलाग करून तिचा वेग मोजतो. यकृत जितके कडक, तितकी लहर वेगवान. काठिण्य हे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ५ किलोपास्कलच्या निरोगी यकृतात लहर सेकंदाला साधारण १.३ मीटर धावते, तर १७ किलोपास्कलच्या आसपास ती २.४ मीटरवर जाते. एका मोजणीत एक सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर लांब असा दंडगोल तपासला जातो, म्हणजे सुईच्या तुकड्याच्या किमान शंभरपट.

पहिल्या दिवशी आकडा २१.३ आला. तंत्रज्ञाने दहा वैध मोजण्या घेतल्या होत्या, त्यांतील तफावतही मर्यादेत होती. अहवालात खोट काढायला जागा नव्हती. संध्याकाळी फाइल बंद करताना सहज विचारले, "सकाळी किती वाजता निघालात?" रावेरहून पहाटेच्या एसटीने निघालेले हे दोघे जळगावच्या बसस्थानकाजवळ पोहे आणि दोन वेळा चहा घेऊन थेट तपासणीच्या टेबलावर पोहोचले होते. उपाशी यायचे असते हे त्यांना सांगितले होते असे आमची नोंद म्हणते. मधुमेहाच्या माणसाला उपाशी राहायची भीती वाटते आणि 'साखरेची तपासणी नाही ना, मग काय' असे त्यांना वाटले होते. जेवणानंतर आतड्यांकडून यकृताकडे येणारे रक्त वाढते, यकृत फुगते, आणि फुगलेली वस्तू कडक लागते. म्हणून किमान तीन तास पोट रिकामे हवे.

चार दिवसांनी, रुग्ण पूर्ण उपाशी असताना, पुन्हा मोजणी केली. यावेळी त्वचेपासून यकृताच्या आवरणापर्यंतचे अंतर २७ मिलिमीटर भरले. पंचवीसच्या वर गेले की लठ्ठ व्यक्तींसाठीचा एक्सएल प्रोब लावायचा असतो, तो लावला. दहा मोजण्यांचा मध्यांक १६.८ किलोपास्कल, आंतरचतुर्थक तफावत २.४, म्हणजे मध्यांकाच्या १४ टक्के. ती ३० टक्क्यांच्या आत असावी लागते. चरबीचा निर्देशांक मीटरला ३१८ डेसिबल आला, जो १०० ते ४०० च्या पट्टीवर बराच वरचा आहे.

१६.८ आणि २१.३ यांतला फरक पोह्यांचा होता की प्रोबचाही, हे वेगळे काढता येत नाही, आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, कारण एक्सएल प्रोब मुळातच थोडा कमी आकडा देतो. निर्णयाच्या दृष्टीने मात्र दुसऱ्या मोजणीला वजन दिले. पोर्टल शिरेतील वाढलेल्या रक्तदाबाविषयी बॅव्हेनो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०२१ च्या सातव्या सहमतीनुसार काठिण्य १५ किंवा त्याखाली आणि प्लेटलेट दीड लाख किंवा त्याहून जास्त असतील तर लक्षणीय पोर्टल रक्तदाब नाही असे धरता येते, आणि २५ च्या वर तो आहे असे धरता येते. मात्र लठ्ठ आणि चरबीग्रस्त रुग्णांत ही वरची मर्यादा तितकीशी विश्वासार्ह नाही. आमचे रुग्ण १६.८ आणि १ लाख ४८ हजारांवर, म्हणजे बांधावरच उभे होते. एंडोस्कोपी केली, हा दाब वाढल्यावर अन्ननलिकेत दिसणाऱ्या फुगलेल्या शिरा नव्हत्या.

'पाच'चा घोटाळा

पुढील सल्ल्यासाठी त्यांना मुंबईच्या यकृत शल्यचिकित्सकांकडे पाठवले. भुसावळहून रात्रीची गाडी धरून गेलेला मुलगा तिसऱ्या दिवशी फोनवर आनंदात होता: "साहेब, लिव्हर सुधारलं. तुमच्याकडे १६.८ होतं, इथे ४.९ आलं." तिथे एमआर इलॅस्टोग्राफी, म्हणजे एमआरआय यंत्रावरची काठिण्याची मोजणी, झाली होती. दोन्ही अहवालांत एककाच्या जागी किलोपास्कलच छापलेले असते, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. फायब्रोस्कॅन यंगचा गुणांक, म्हणजे दाबण्या-ताणण्याला होणारा विरोध, सांगते. एमआर इलॅस्टोग्राफी अपरूपणाचे काठिण्य, म्हणजे थर एकमेकांवर सरकण्याला होणारा विरोध, सांगते, जे साधारण त्याच्या एक तृतीयांश असते, शिवाय तिथे लहर ६० हर्ट्झची असते. १६.८ ला तीनने भागले तर ५.६ येतात. एमआरच्या पट्टीवर २.५ च्या खाली निरोगी, ४ ते ५ म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचे व्रण आणि ५ च्या वर सिरॉसिस. म्हणजे दोन्ही यंत्रे एकच गोष्ट सांगत होती. मुलाला हे समजावताना मी बिघा आणि एकराचा दाखला दिला. तो लगेच हसला, कारण बिघ्याचा आकडा एकराच्या शेजारी ठेवून कोणी जमीन वाढली असे म्हणत नाही.

एमआर इलॅस्टोग्राफीचा मोठा गुण असा की ती यकृताचा एखादा दंडगोल न तपासता त्याचा विस्तृत भाग रंगीत नकाशासारखा दाखवते, आणि पोटावरच्या चरबीचा तिला अडसर होत नाही. आमच्या भागासाठी तिची एक मर्यादा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या यकृतात लोह साठते. लोहामुळे नेहमीच्या पद्धतीच्या एमआर इलॅस्टोग्राफीत संकेतच मिळत नाही आणि तपासणी वाया जाते. अशा रुग्णांत आधी एमआरआयने लोहाचे प्रमाण मोजलेले बरे. या रुग्णात तसा प्रश्न नव्हता. त्याच एमआरआयमध्ये यकृतातील चरबीचे प्रमाण १४ टक्के निघाले. ५ टक्क्यांच्या वर गेले की चरबीग्रस्त यकृत म्हणतात. २०२३ मध्ये या विकाराचे नाव बदलून त्यात चयापचयातील बिघाडाचा उल्लेख आणला गेला. त्याआधीच्या नावात 'मद्याविना' असे म्हटले जाई, आणि माळकरी माणसाच्या घरच्यांना ते जुने नाव जास्त दिलासा देत असे.

उरणारे यकृत

गाठ उजव्या खंडाच्या मध्यभागी, मुख्य शाखांना लागून होती. ३ सेंटिमीटरपर्यंतची गाठ उष्णतेने जाळण्याचा पर्याय चांगला ठरतो, ५.४ ला तो अपुरा. प्रत्यारोपणासाठी १९९६ च्या मिलान निकषांत एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरची मर्यादा आहे. ती चार मिलिमीटरने हुकत होती. राहिला पर्याय संपूर्ण उजवा खंड काढण्याचा. पित्ताशयाच्या खाचेपासून मागच्या महाशिरेपर्यंत एक कल्पित रेषा जाते, तिच्या उजवीकडचे सगळे काढायचे आणि डावीकडच्यावर माणसाने जगायचे.

सीटीवरून आकारमान काढले गेले. प्रत्येक कापाच्या प्रतिमेत यकृताची सीमा रेखून क्षेत्रफळांची बेरीज करतात, गाठीचे आकारमान वजा करतात आणि उरणाऱ्या भागाचे प्रमाण काढतात. एकूण यकृत १,६२० मिलिलिटर, गाठ सुमारे ८२, उरले १,५३८. त्यात डावीकडचा राहणारा भाग ६४० मिलिलिटर, म्हणजे ४१.६ टक्के. निरोगी यकृतात २० टक्के उरले तरी चालते, केमोथेरपीने किंवा चरबीने त्रासलेल्या यकृतात ३० लागतात आणि सिरॉसिसच्या यकृतात ४०. मुलाचे गणित सरळ होते: पासिंग ४०, मिळाले ४१.६.

शल्यचिकित्सकांना ते पटत नव्हते, आणि या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा क्षण तोच होता. आकारमान मोजताना प्रत्येक मिलिलिटर यकृत सारखेच काम करते असे आपण न बोलता गृहीत धरतो. बाराही महिने पाणी लागलेल्या बागेतला बिघा आणि करपा पडलेल्या बागेतला बिघा मोजणीत सारखाच भरतो. घड कापायला गेल्यावर फरक कळतो. हा दृष्टान्त माझा नाही, रुग्णाचा आहे. आकारमान आणि कार्य यांतला भेद त्यांना समजावत असताना अर्ध्यावरच त्यांनी तो मला ऐकवला.

कार्य दाखवणारी प्रतिमा दोन प्रकारे मिळू शकते, आणि इथे दोन्ही वापरल्या गेल्या. पहिली गॅडोक्सेटेट हे द्रव्य वापरून केलेला एमआरआय. हे द्रव्य यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावरील वाहक प्रथिनांतून आत ओढून घेतात, त्याचा सुमारे निम्मा भाग पित्तातून आणि उरलेला मूत्रपिंडातून बाहेर जातो. टोचल्यानंतर २० मिनिटांनी घेतलेल्या प्रतिमेत यकृत जितके उजळ, तितक्या पेशी कामावर हजर. त्या प्रतिमेला तीन निकषांवर प्रत्येकी ० ते २ गुण देतात: यकृत मूत्रपिंडाच्या तुलनेत किती उजळले, द्रव्य पित्तनलिकेत कुठवर पोहोचले, पोर्टल शीर यकृतापेक्षा गडद दिसते का. आमच्या रुग्णाला उजळपणासाठी १, पित्तासाठी २ आणि शिरेसाठी २, असे ६ पैकी ५ गुण मिळाले. चांगले गुण आहेत. पण ते संपूर्ण यकृताचे आहेत, आणि प्रश्न अर्ध्याहून कमी यकृताचा होता.

दुसरी तपासणी अणुवैद्यक विभागात झाली. टेक्नेशियम-९९एम हे सहा तासांच्या अर्धायुष्याचे किरणोत्सारी मूलद्रव्य मेब्रोफेनिनला जोडून शिरेतून देतात. बिलिरुबिन ज्या वाटांनी यकृतपेशीत शिरते, साधारण त्याच वाटांनी मेब्रोफेनिन शिरते आणि जसेच्या तसे पित्तात टाकले जाते. म्हणून कावीळ असेल तर दोघांची झटापट होऊन निकाल चुकतो. रुग्ण गॅमा कॅमेऱ्याखाली निश्चल पडून राहतो. पहिल्या सहा मिनिटांत हृदयावरील संकेत मावळत जातो, यकृतावरील संकेत चढत जातो, आणि टोचल्यानंतरच्या १५० ते ३५० सेकंदांतल्या या चढ-उतारावरून यकृत दर मिनिटाला किती टक्के द्रव्य शोषते ते काढतात. त्याला शरीराच्या पृष्ठफळाने भागतात. मग लगेच फिरत्या कॅमेऱ्याने त्रिमितीय प्रतिमा घेऊन हे शोषण डाव्या-उजव्या भागांत वाटतात. इलॅस्टोग्राफीच्या अनुभवानंतर या वेळी दोघेही आदल्या रात्रीपासून काही न खाता गेले होते. मुलाने का खाल्ले नाही, हे कोणी विचारले नाही.

संपूर्ण यकृताचे शोषण मिनिटाला ५.१ टक्के प्रति चौरस मीटर निघाले आणि त्यात डाव्या भागाचा वाटा ४१ टक्के, म्हणजे २.०९. अ‍ॅमस्टरडॅमच्या गटाने २०१० मध्ये मांडलेली सुरक्षित मर्यादा २.७ आहे, त्याखाली शस्त्रक्रियेनंतर यकृत निकामी होण्याचा धोका ठळकपणे वाढतो. आकारमानात डावा भाग ४१.६ टक्के आणि कामात ४१ टक्के, म्हणजे वाटणी अगदी न्याय्य होती. खोट वाटणीत नव्हती, वाटायच्या मालातच होती. टक्केवारीची भाषा ही गोष्ट कधीच दाखवणार नाही, कारण सगळे यकृत सारखेच मंदावले असेल तर टक्के तसेच राहतात.

२.७ हा आकडा मी पवित्र मानत नाही. तो ज्या रुग्णांवरून आला ते नाना प्रकारचे होते आणि पुष्कळांना सिरॉसिस नव्हता. वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या पद्धतीने काढलेला दर थोडा सरकतो. २.६ आला असता तर वाद घालता आला असता. २.०९ वर वादाला फारशी जागा नव्हती.

वाढवून घेतलेला डावा खंड

उजव्या खंडाची पोर्टल शीर मुद्दाम बंद केली की आतड्यांकडून येणारे सगळे रक्त डावीकडे वळते आणि डावा खंड वाढू लागतो. अडचण अशी की उजवीकडे पोर्टल रक्त थांबले की धमनीचे रक्त वाढते, आणि गाठ नेमकी त्यावरच पोसली जाते. म्हणून आधी धमनीतून औषध सोडून गाठीचा रसद-पुरवठा तोडला आणि दोन आठवड्यांनी त्वचेतून नळी घालून उजवी पोर्टल शीर बंद केली. दोन दिवस ताप आणि दुखणे, पलीकडे काही नाही. रुग्ण गावी परतले. केळीची कटाई सुरू होती. शेतावर जायचे नाही अशी सक्त ताकीद होती, ती किती पाळली गेली याची मला कल्पना आहे.

चार आठवड्यांनी दोन्ही मोजण्या पुन्हा झाल्या. डावा भाग ६४० वरून ८०५ मिलिलिटर, म्हणजे गाठ वगळून उरलेल्या १,५१० मिलिलिटरमधील ५३.३ टक्के झाला. मेब्रोफेनिनचे एकूण शोषण ५.३ आणि त्यात डाव्याचा वाटा ५६ टक्के, म्हणजे २.९७. आकारमान सुमारे २६ टक्क्यांनी वाढले आणि कार्य ४२ टक्क्यांनी. शीर बंद केल्यानंतर कार्य आकारमानाच्या पुढे धावते हे इतरत्रही दिसून आले आहे; याचा व्यवहारातला अर्थ असा की नुसते सीटीवर अवलंबून राहिलेला शल्यचिकित्सक काही रुग्णांत विनाकारण आणखी आठवडे थांबेल, आणि तेवढ्यात गाठ थांबणार नाही.

उजवा खंड काढण्यात आला. शस्त्रक्रियेनंतरच्या पाचव्या दिवसाकडे सगळ्यांचे डोळे असतात: त्या दिवशी बिलिरुबिन २.९ च्या वर आणि रक्त गोठण्याची क्षमता दाखवणारे प्रोथ्रोम्बिन ५० टक्क्यांच्या खाली असेल तर धोका फार मोठा. आमच्या रुग्णाचे बिलिरुबिन २.३ होते, प्रोथ्रोम्बिन ५८ टक्के. पोटात थोडे पाणी झाले, ते औषधांनी ओसरले, आणि बाराव्या दिवशी त्यांना घरी सोडले. काढलेल्या खंडात गाठीच्या कडा मोकळ्या होत्या. उरलेल्या ऊतीत जोडव्रण, म्हणजे एकमेकांना जोडले गेलेले व्रणांचे पट्टे, होते आणि काही ठिकाणी गाठोळ्या बनू लागल्या होत्या. सुई न घालता दोन यंत्रांनी जे सांगितले होते, तेच सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.

मागे राहिलेले यकृत आजारीच आहे, त्यामुळे दर काही महिन्यांनी एमआरआय आणि अल्फा-फीटोप्रोटीन चालू ठेवले आहे. नवव्या महिन्यात ते तपासणीला आले तेव्हा एमआरआयमध्ये नवी गाठ नव्हती, वजन ७६ किलो होते. पहाटेच्या एसटीने, पोटात अन्नाचा कण न घेता आले होते आणि येताक्षणी त्यांनी 'ते ठोके देणारं मशीन' कधी लावणार म्हणून विचारले. ते लावता येणार नव्हते. प्रोब ज्या फटीत टेकवतात तिच्या मागे असणारा उजवा खंड आता नाही, आणि वाढून तिकडे सरकणाऱ्या डाव्या यकृताच्या काठिण्याला कोणत्या पट्टीवर मोजायचे याला आधार नाही. हे सांगितल्यावर त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले. मुलगा ३१ वर्षांचा, वजन ८८ किलो, वडिलांबरोबर सवयीने उपाशीच आलेला. टेबल रिकामे होते. त्याला झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगितले: काठिण्य ६.१, चरबीचा निर्देशांक २९६. तेवढ्या वेळात वडील खाली जाऊन पोहे खाऊन आले.